काळजात नको, फुफ्फुसात: हरणाच्या पहिल्या शिकारीआधी

माझा भाचा शिकायला अमेरिकेत विस्कॉन्सिनला गेला, त्याच वर्षी नोव्हेंबरात त्याचा फोन आला. "मामा, रूममेटचे बाबा हरणाच्या शिकारीला चल म्हणतायत. जाऊ का?" मी उलट विचारलं, "गोळी कुठे मारशील?" तो म्हणाला, "काळजात."

आपण बोलताना काळजाला लागलं म्हणतो तेव्हा हात छातीवर जातो. पण मटणवाल्याकडे जाऊन काळीज मागा, तो यकृत देईल. कलेजी तीच. आणि हरणाच्या यकृतात गोळी बसली तर ते तिथल्या तिथे कोसळत नाही. कुठेतरी झुडपात जाऊन बसतं आणि मरायला त्याला तास लागू शकतात. भाच्याला म्हटलं, यंदा नुसता सोबत जा, बंदूक हातात घेऊ नकोस. सुट्टीत ठाण्याला ये, मग शिकवतो.

त्याला जे शिकवलं तेच इथे सविस्तर लिहितोय. मी स्वतः विस्कॉन्सिनमध्ये अकरा वर्षं नोकरी केली, त्यातले आठ हंगाम शिकारीला गेलो, आणि आता नौपाड्यात राहतो. ठाण्यातून अमेरिका-कॅनडाला गेलेल्या मुलांना तिथले मित्र हमखास शिकारीचं आमंत्रण देतात. जायचं की नाही हा ज्याचा त्याचा प्रश्न. पण जायचं ठरलं, तर जनावराला क्षणभरही जास्त यातना होऊ नयेत ही जबाबदारी चाप ओढणाऱ्याची, नेणाऱ्याची नाही.

एक गोष्ट आधीच स्पष्ट करतो. हे सगळं परदेशातल्या परवानाधारक, हंगामातल्या शिकारीबद्दल आहे. भारतात १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने शिकारीला बंदी आहे आणि ती असायलाच हवी. आपलं येऊर हा संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाचा भाग आहे. तिथली चितळं, सांबरं बघायची, त्यांचा माग ओळखायला शिकायचं, एवढंच. गलोलसुद्धा घेऊन तिथे जायचं नाही.

कागदपत्रं आधी, बंदूक नंतर

अमेरिकेत विद्यार्थी किंवा नोकरीच्या तात्पुरत्या व्हिसावर असलेल्या माणसाला तिथल्या केंद्रीय कायद्याने बंदूक किंवा काडतुसं जवळ बाळगायला मनाई आहे. त्यात जे मोजके अपवाद आहेत, त्यांतला एक म्हणजे तिथल्या राज्याने दिलेला वैध हंटिंग लायसन्स. म्हणजे लायसन्स खिशात आल्याशिवाय मित्राची रायफल "जरा बघू दे" म्हणून हातात घेणंही अंगाशी येऊ शकतं. विद्यापीठाच्या परदेशी विद्यार्थ्यांच्या कार्यालयात आधी विचारा, लाजू नका.

विस्कॉन्सिनमध्ये १ जानेवारी १९७३ला किंवा त्यानंतर जन्मलेल्याला लायसन्ससाठी हंटर एज्युकेशनचा कोर्स करावा लागतो. अनुभवी माणूस हाताच्या अंतरावर सोबत असेल तर कोर्सविना जाण्याचीही सोय आहे, पण कोर्स कराच. मी तिशी ओलांडल्यावर बारा-बारा वर्षांच्या मुलांच्या शेजारी बसून तो केला आणि त्या मुलांना माझ्यापेक्षा जास्त येत होतं.

पहिला धडा मटणाच्या दुकानात

बुधवार, शुक्रवार, रविवार सोडून कुठल्याही दिवशी सकाळी लवकर ओळखीच्या मटणवाल्याकडे जा. गर्दी नसते, तो बोलायला मोकळा असतो. मी भाच्याला आमच्या नेहमीच्या दुकानात नेलं आणि दादांना सांगितलं, पोरगा शिकतोय, बोकड उघडताना जरा दाखवा.

बोकड मागच्या पायांवर उलटा टांगलेला होता. दादांनी पोट फाडलं तशी आधी वजडी, म्हणजे जठर आणि आतडी, बाहेर आली, हिरवट, जड, एखाद्या ओल्या पोत्यासारखी. ती काढल्यावर आत एक पातळ पडदा दिसला, ढोलकीच्या कातड्यासारखा ताणलेला. दादा म्हणाले, "ह्याच्या अलीकडे पोट, पलीकडे छाती." पोटाच्या बाजूने त्या पडद्याला चिकटून कलेजी, काळपट लाल. मग त्यांनी पडदा कापला आणि फुफ्फुसं दिसली, फिकट गुलाबी, स्पंजासारखी हलकी. भाच्याने बोटाने दाबली तर कापलेल्या नळीतून बारीक बुडबुड्यांचा गुलाबी फेस आला. तो फेस नीट बघून ठेव, म्हटलं, पुढे कामाला येईल. फुफ्फुसांच्या मधे, खाली, छातीच्या हाडाला टेकून हृदय. बोकडाचं हृदय भाच्याच्या मुठीत मावलं.

मग मी दादांना पुढचा पाय उभ्या बोकडाचा असतो तसा धरायला सांगितला, कारण टांगलेल्या जनावराचे पाय सैल लोंबतात आणि नजर फसते. पाय जागेवर येताच भाच्याचा चेहरा बदलला. हृदय पार खाली होतं, कोपराच्या जरा वर, जवळजवळ पुढच्या दोन पायांच्या मधे. सिनेमात दाखवतात तसं अंगाच्या मध्यावर तर मुळीच नाही. अंगाचा मध्य म्हणजे वजडी.

हरणाची रचनाही अशीच. पांढऱ्या शेपटीच्या अमेरिकी हरणाचा, म्हणजे व्हाइटटेलचा, मर्मभाग, म्हणजे हृदय आणि फुफ्फुसं, साधारण २० सेंटिमीटर व्यासाच्या वर्तुळात बसतो. घरातली नाश्त्याची ताटली घ्या, तेवढाच. हे जनावर लांबीला दीड मीटरच्या आसपास असतं, पण आपल्याला त्यातली फक्त ताटली हवी. बाकीच्या अंगात कुठेही गोळी गेली तर ती जखम आहे, शिकार नाही.

ताटली नेमकी कुठे धरायची

हरीण आपल्याला आडवं उभं आहे असं समजा. अलीकडच्या पुढच्या पायाच्या मागच्या कडेवरून नजर सरळ वर न्या. छातीच्या खालच्या रेषेपासून पाठीपर्यंतच्या उंचीचा एक तृतीयांश भाग चढलात की थांबा. ताटलीचा मध्य तिथे.

नवीन माणूस विचारतो, हृदयावरच नेम का नाही धरायचा? हृदय लहान आहे आणि खाली आहे. गोळी जरा खाली गेली तर पाय मोडतो किंवा छातीचं नुसतं कातडं सोलतं. जरा मागे गेली तर पोट. फुफ्फुसं मोठी आहेत आणि हृदयाच्या वर, पुढे-मागे पसरलेली आहेत. त्यांच्या मध्यावर नेम धरला की हात चार बोटं इकडे-तिकडे झाला तरी गोळी छातीतच राहते. खाली सरकली तर हृदयावर बसते, वर सरकली तरी फुफ्फुसच. दोन्ही फुफ्फुसांतून गोळी गेली की रक्तदाब झपाट्याने कोसळतो, मेंदूला रक्त पोचत नाही आणि जनावर काही सेकंदांत शुद्ध हरपतं. ते पन्नास-शंभर यार्ड धावेलही, पण ते धावणं संपेपर्यंत त्याचं सगळं संपलेलं असतं.

डोक्यावर नेम धरण्याचा मोह होतो, विशेषतः "मांस वाया जात नाही" असं सांगणारा कुणी भेटला की. ऐकू नका. मेंदू लहान असतो आणि हरणाचं डोकं शरीरात सगळ्यात जास्त हलणारा भाग असतो. गोळी दोन बोटं खाली गेली की जबडा तुटतो. जबडा तुटलेलं हरीण पळून जातं आणि चरता येत नाही म्हणून दिवसेंदिवस उपाशी मरतं. मानेचंही तसंच. मणका बारीक, बाकी सगळं मांस. निष्णात माणसं हे बार काढत असतील, नवख्याने यांचा विचारही करू नये.

कुणी एल्क या मोठ्या हरणाच्या शिकारीला नेलं तर जागा तीच, ताटली मोठी. दक्षिण आफ्रिका किंवा नामिबियाला जाणार असाल तर एक फरक लक्षात ठेवा. तिथल्या कुडू, विल्डबीस्ट, झेब्रा अशा जनावरांचे मर्मभाग छातीत आणखी पुढे आणि खाली असतात. व्हाइटटेलची सवय असलेला माणूस तिथे पायाच्या मागे नेम धरतो आणि गोळी मागे पडते. तिथे पायाच्याच रेषेत, खालच्या तृतीयांशात धरायचं. सोबतचा व्यावसायिक शिकारी सांगेल तसंच करायचं.

बिंदू नको, रेषा बघा

माझ्या मते सगळ्यात जास्त वेळ द्यायचा तो या भागाला. हरीण तुमच्यासाठी आडवं उभं राहायला बांधील नाही. ते तिरपं असतं, वळतं, चरता चरता पाठमोरं होतं. कातडीवर एखादी खूण शोधून तिथे गोळी मारायची सवय लागली की तिरप्या जनावरात हमखास घात होतो. म्हणून विचार असा करायचा: गोळी अंगात शिरल्यावर कुठल्या वाटेने जाईल आणि बाहेर कुठून पडेल? ती वाट दोन्ही फुफ्फुसांमधून जात असेल तरच बार काढायचा.

घरी करून बघा. जांभळी नाक्याच्या बाजारातून मी एक पोकळ प्लॅस्टिकचं हरीण आणलं, पुढच्या पायांच्या मधे, छातीच्या पोकळीत लाल मातीचा गोळा बसवला आणि भाच्याला अगरबत्तीच्या काड्या दिल्या. हरीण टेबलावर वेगवेगळ्या कोनांत ठेवायचं, समोरून बघायचं, तापवलेल्या सुईने भोक पाडून काडी आरपार घालायची. गोळ्यातून गेली का? पहिल्या दहांपैकी त्याच्या सहा काड्या पोटातून गेल्या. संध्याकाळपर्यंत एखादीच जाऊ लागली.

हरीण पाठमोरं तिरपं असेल, म्हणजे त्याचा मागचा भाग तुमच्याकडे आणि डोकं पलीकडे झुकलेलं, तर पलीकडच्या पुढच्या पायाकडे लक्ष द्या. गोळी त्या पायाच्या खांद्याजवळून बाहेर पडावी अशा बेताने अलीकडच्या बाजूला नेम मागे सरकतो, बरगड्यांच्या मध्याकडे. हा कोन चांगला, कारण गोळी छातीतून लांब वाट काटते. पण तिरपेपणा फार वाढला तर गोळीला आधी वजडी पार करावी लागते. शेवटची बरगडी ओलांडून मागे नेम न्यावा लागत असेल, तर थांबा.

हरीण तोंड तुमच्याकडे करून तिरपं असेल तर नवख्याने बार काढू नये. खांद्याच्या पुढे नेम धरावा लागतो, जाड हाडं मधे येतात आणि जरा चुकलं की गोळी थेट पोटात. अगदी समोरासमोर असेल तरी नाही. अगदी पाठमोरं असेल तर कधीच नाही, कुणी कितीही सांगितलं तरी.

मचाणावर बसला असाल तर उंचीचा हिशेबही धरा. १५-२० फुटांवरून खाली बघताना हरणाची पाठ जास्त दिसते. जनावर अगदी मचाणाखाली आलं तर गोळी एकाच फुफ्फुसातून खाली निघून जाते, आणि एका फुफ्फुसावर हरीण बराच वेळ आणि बरंच लांब जाऊ शकतं. त्याला थोडं पुढे जाऊ द्या, कोन सपाट होऊ द्या.

उभ्या जिवंत जनावरांवर नजर तयार करायची तर येऊरच्या रस्त्यावर सकाळी चरणाऱ्या शेळ्या बघा. बकरी ईदच्या आधी राबोडीत, मुंब्र्यात घरोघरी बोकड बांधलेले असतात, तेही बघा. काहीही हातात न घेता, नुसतं मनाशी म्हणायचं: आडवा, हो. तिरपा पाठमोरा, हो, पलीकडचा पाय. समोरचा, नाही. डोकं वर करून कान टवकारलेत, नाही. भाचा आठवडाभर रोज अर्धा तास हे करत होता. शेवटी त्याच्या लक्षात आलं की "हो" म्हणण्यासारखे क्षण फार थोडे असतात आणि तेही दोन-तीन सेकंदच टिकतात.

किती लांबून

नवख्यासाठी १०० यार्ड पुरे, म्हणजे ९१ मीटर. ठाणे स्टेशनच्या फलाटावर उभ्या लोकलचे चार-साडेचार डबे मोजा, तेवढं. डोळ्याला हे अंतर सुरुवातीला फार वाटतं, मग स्कोपमधून, म्हणजे रायफलवरच्या दुर्बिणीतून, बघितल्यावर फारच थोडं वाटतं, आणि दुसरी चूक पहिलीपेक्षा वाईट.

तुमचं स्वतःचं अंतर नेमबाजीच्या रेंजवर ठरतं. रायफल १०० यार्डांवर नेमाला बसवून घ्या, तीन-तीन गोळ्या एकत्र पडतात का बघा. मग टेबल आणि वाळूच्या पिशव्या सोडा. जंगलात टेबल नसतं. बसून, गुडघ्यावर, काठ्यांच्या आधाराने, झाडाला टेकून ताटलीएवढ्या कागदावर पाच गोळ्या मारा. पाचही आत पडतात ते जास्तीत जास्त अंतर तुमचं. चार पडल्या तर अंतर कमी करा. पॅरिस ऑलिंपिकमध्ये २०२४ साली कोल्हापूरच्या स्वप्नील कुसाळेने ५० मीटर थ्री पोझिशन्स प्रकारात कांस्यपदक आणलं. गुडघ्यावर, झोपून आणि उभ्याने अशा तीन अवस्थांमध्ये तो नेम धरायचा असतो आणि त्यात उभ्याची अवस्था सगळ्यात अवघड मानतात. तसल्या नेमबाजांना जे कठीण जातं, ते थंडीने काकडलेल्या, धडधडत्या छातीच्या नवख्याने जिवंत जनावरावर करून बघू नये. आधाराशिवाय उभ्याने बार काढायचा नाही.

ठाण्यात असताना सराव हवा तर एअर रायफलवर करा. वरळीला महाराष्ट्र रायफल असोसिएशनची रेंज आहे, तिथली शिस्त डोक्यात बसली की आयुष्यभर पुरते. श्वास अर्धा सोडून थांबणं, चाप बोटाच्या पेराने हळूहळू दाबणं, बार झाल्यावरही नजर नेमावरून न हलवणं, हे सगळं एअर रायफलवर शिकता येतं. शिकता येत नाही तो खांद्याचा धक्का. धक्क्याच्या भीतीने माणूस आवाजाच्या आधीच डोळे मिटतो आणि खांदा पुढे ढकलतो. म्हणून तिकडे गेल्यावर पहिल्याच दिवशी मोठी रायफल घेऊ नका. व्हाइटटेलसाठी पॉइंट २४३ विन्चेस्टरसारखं सौम्य काडतूस नीट जागेवर बसलं तर पुरतं. थर्टी-ऑट-सिक्ससारख्या मोठ्या धक्क्याच्या काडतुसाचा धसका घेऊन मारलेली गोळी पोटात जाण्यापेक्षा ते कितीतरी बरं. गोळी मात्र शिकारीचीच घ्या, जी आत शिरल्यावर टोकाशी पसरते. पूर्ण धातूच्या आवरणाची लष्करी धाटणीची गोळी बारीक भोक पाडून निघून जाते आणि जनावर जायबंदी होऊन पळतं.

बार काढण्याआधीचे पाच-सहा सेकंद

हरीण स्कोपमध्ये आलं की छाती धडधडते, हात थरथरतात. अनुभवी माणसांचेही. त्या वेळी डोकं चालत नाही, म्हणून प्रश्न आधीच पाठ असावेत. उभं आहे का? चालत्या हरणावर बार नाही. तोंडाने हलकासा आवाज काढला तर ते बऱ्याचदा थबकतं, पण तसं थबकलेलं हरीण सावध असतं, तेव्हा नेम तयार असेल तरच हे करा. मधे फांदी आहे का? बोटाएवढी फांदीसुद्धा गोळीची दिशा बदलू शकते. मागे दुसरं हरीण उभं आहे का? आणि त्याच्याही मागे काय आहे? थर्टी-ऑट-सिक्सची गोळी तीन मैलांच्या आसपास जाऊ शकते. ठाणे स्टेशनवरून सुटली तर मुलुंड मागे टाकून पुढे. म्हणून टेकडीच्या माथ्यावर, मागे नुसतं आकाश असलेल्या हरणावर बार कधीही नाही. मागे माती हवी.

कपड्यांचंही इथेच सांगतो. विस्कॉन्सिनमध्ये बंदुकीच्या हंगामात कमरेच्या वरच्या बाहेरच्या कपड्यांचा निम्मा भाग तरी भडक केशरी किंवा भडक गुलाबी असावा लागतो. हरणाला तो रंग आपल्यासारखा दिसत नाही, पण दुसऱ्या शिकाऱ्याला दिसतो.

बार झाल्यावर

इथे माझी स्वतःची गोष्ट सांगणं भाग आहे. माझा चौथा हंगाम. उजेड जायला अर्धा तास. एक मादी ८०-९० यार्डांवरून हळूहळू चालत येत होती, माझ्याकडे तोंड करून जरा तिरपी. मला वाटलं, आडवीच आहे. नेम नेहमीच्या जागी, पायाच्या मागे धरला आणि ती चालत असतानाच चाप दाबला. ती पाठ कमानीसारखी वर करून आखडली आणि मग धावण्याऐवजी जड पावलं टाकत झाडीत गेली. मी उठून मागे पळणार, तेवढ्यात मला नेणाऱ्या म्हाताऱ्याने खांदा धरून खाली बसवलं. अर्ध्या तासाने आम्ही ती उभी होती तिथे गेलो. बर्फावर चार केस होते आणि हिरवट-तपकिरी डाग. त्याने हातमोजा काढून तो डाग बोटावर घेतला आणि माझ्या नाकापुढे धरला. शेणाचा वास. तो काही बोलला नाही.

आम्ही रात्रभर थांबलो. पोटात गोळी लागलेलं हरीण लगेच पाठलाग केला तर उठून मैलभर जातं आणि सापडत नाही. सोडलं तर जवळच बसतं. सकाळी ती ४०० पावलांवर दलदलीच्या कडेला सापडली, पाय पोटाशी घेऊन बसलेली. तिच्या खालचा बर्फ वितळलेला होता. म्हणजे ती तिथे बराच वेळ जिवंत होती. मी त्या वर्षी पुन्हा बंदूक उचलली नाही. त्या तिरपेपणाचा मला आजही पश्चात्ताप आहे. प्लॅस्टिकचं हरीण आणि अगरबत्तीच्या काड्या मी भाच्यासाठी काढल्या त्या यामुळेच.

तेव्हा बार झाला की आधी दुसरं काडतूस नळीत चढवा आणि नजर हरणावरून हलवू नका. मागचे पाय झाडून उधळलं तर बहुधा छातीत लागलं. पाठ कमानली तर बहुधा पोटात. शेवटचं कुठल्या झाडाजवळ दिसलं ते मनात पक्कं करा, मोबाइलमध्ये दिशेचा फोटो काढून ठेवा. पडताना दिसलं तरी अर्धा तास बसून राहा. घड्याळ लावा, कारण तो अर्धा तास तुम्हाला पाच मिनिटांत झाल्यासारखा वाटेल.

मग रक्त वाचा. फिकट लाल, बारीक बुडबुड्यांचं रक्त म्हणजे मटणाच्या दुकानातला तो गुलाबी फेस. फुफ्फुसात लागलं, हरीण जवळच पडलेलं असेल. गडद, काळपट लाल असेल तर कलेजी. तीन-चार तास थांबा. हिरवट आणि दुर्गंधी असेल तर आठ ते बारा तास. पावसाची किंवा जोरदार बर्फाची शक्यता असेल तर सोबतच्या अनुभवी माणसाचं ऐका. माग काढताना रक्ताच्या रेषेवरून चालू नका, कडेने चाला, आणि शेवटच्या डागाजवळ कागदाचा तुकडा टाकून मगच पुढचा शोधा.

पडलेल्या हरणाजवळ पाठीच्या बाजूने जा, पायांच्या बाजूने नको. मेलेल्या हरणाचे डोळे उघडे असतात. लांब काठीने डोळ्याला स्पर्श करा. पापणी हलली तर मागे सरून लगेच छातीत दुसरा बार काढा. काडतूस वाचवायचा विचार नको.

आत काय झालं ते बघा

हरीण स्वच्छ करताना घाई करू नका. गोळी कुठून शिरली, कुठल्या बरगड्या मोडल्या, फुफ्फुसाची काय अवस्था आहे, बाहेर कुठून पडली, हे सगळं हात घालून बघा. तुम्ही मनात काढलेली रेषा आणि खरी रेषा यात किती फरक पडला ते इथेच कळतं, आणि दुसरीकडे कुठेही कळत नाही. मी वहीत आकृती काढून ठेवायचो. भाच्यालाही वही दिली आहे.

शिशाच्या गोळीचे बारीक कण जखमेपासून बरेच लांब मांसात पसरतात. जखमेभोवतीचं मांस सढळ हाताने कापून टाका. लहान मुलं किंवा गरोदर बाई जेवणार असेल तर पूर्ण तांब्याची गोळीच वापरा. कॅलिफोर्नियात तर १ जुलै २०१९पासून शिकारीला शिशाची गोळी चालतच नाही. विस्कॉन्सिनमध्ये २००२पासून हरणांत क्रॉनिक वेस्टिंग डिसीज हा मेंदूचा रोग आढळतो. तुमच्या भागात तो असेल तर डोकं तपासणीला द्या आणि निकाल येईपर्यंत मांस फ्रीझरमध्ये राहू द्या. रोग निघाला तर खायचं नाही. विस्कॉन्सिनमध्ये मारलेल्या हरणाची नोंद ते सापडल्याच्या दुसऱ्या दिवशी संध्याकाळी ५च्या आत ऑनलाइन करायची असते.

भाच्याचा दुसरा हंगाम गेल्या नोव्हेंबरात झाला. पहिल्या दिवशी एक मादी ६० यार्डांवर आली, तोंड त्याच्याकडे करून तिरपी. त्याने बार काढला नाही. तिसऱ्या दिवशी सकाळी एक तरणा नर आडवा उभा राहिला, ७० यार्ड, मागे टेकडीची माती. रात्री व्हिडिओ कॉलवर त्याने वहीतली आकृती कॅमेऱ्यासमोर धरली. दोन्ही फुफ्फुसं, पलीकडे पायाच्या मागून बाहेर, हरीण ४० पावलं गेलं होतं. मी त्याला आकृतीवर तारीख घालायला सांगितलं.

मग माझ्या बायकोने फोन घेतला आणि सांगितलं ते तुम्हालाही सांगतो. हरणाची चरबी सगळी काढून टाक, ती थंड झाली की मेणासारखी टाळूला चिकटते. मांसाला स्वतःची चरबी जवळजवळ नसते, म्हणून तेल नेहमीपेक्षा जरा जास्त. आलं-लसूण, दही लावून रात्रभर ठेव. मसाला मालवणी चालेल. आणि मांडीचं मांस असेल तर कुकरच्या शिट्ट्या मोजू नकोस, मंद आचेवर झाकण ठेवून शिजव.